कबुलीजबाब कसा वाचावा?

माझ्या लहानपणी राहात्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. तिचे नाव आम्हा पोरांना ठाऊक नव्हते. ती करणी करते, एवढेच ठाऊक होते. कुणाची म्हैस आटली, कुणाचे पोर रात्रभर रडले, की गल्लीतल्या बायका तिच्या दाराकडे बघायच्या. शाळेत जाताना आई मला पलीकडच्या कडेने जायला सांगायची आणि मी तसाच जायचो.

गावाबाहेर पाटाच्या बाजूला पारध्यांची पाले होती. गावात चोरी झाली की पोलीस आधी तिकडे जात. दोन-चार माणसे धरून आणत. संध्याकाळपर्यंत त्यांतला एखादा 'कबूल झाला' अशी बातमी पारावर यायची आणि गाव निश्चिंत व्हायचे.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. तेव्हा कळले, की लहानपणी वेगवेगळ्या वाटलेल्या या दोन गोष्टींपुढे इतिहासाच्या अभ्यासकाला एकच अडचण येते. चेटकिणींचे खटले असोत की गुन्हेगारी टोळ्यांचे, मागे उरलेले बहुतेक कागद आरोप करणाऱ्यांनी लिहिलेले असतात. आरोपीचे म्हणणे आपल्याला मिळते ते कबुलीजबाबाच्या रूपात. मग तो वाचायचा कसा?

आधी चेटकिणींचे पाहू. युरोपात साधारण १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत चेटूक केल्याच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसांना मृत्युदंड झाला, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. नवल असे, की त्यांतल्या अनेकांनी गुन्हा कबूल केला होता. कुठे जमलो, कोण कोण होते, सैतान कसा दिसला, सारे तपशीलवार सांगितले होते. अमेरिकेतील सेलम गावी १६९२ साली एकोणीस जणांना फाशी झाली. तिथे तर ज्यांनी आरोप कबूल केला ते वाचले आणि ज्यांनी 'आम्ही निरपराध आहोत' असे शेवटपर्यंत सांगितले ते फासावर गेले.

इटलीतील फ्रिउली या भागाची कथा अधिक बोलकी आहे. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने ती १९६६ साली पुस्तकरूपाने मांडली. तिथले काही शेतकरी सांगत, की वर्षातल्या ठराविक रात्री आमचे आत्मे देहाबाहेर पडतात आणि पिके वाचवण्यासाठी चेटक्यांशी लढतात. आमच्या हाती बडीशेपेच्या काड्या असतात, त्यांच्या हाती ज्वारीची ताटे. थोडक्यात, ते स्वतःला गावाचे राखणदार समजत होते. धर्मन्यायालयाला हे पटेना. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे काही दशके तेच तेच प्रश्न विचारले गेले. उत्तरे हळूहळू बदलत गेली आणि शेवटी ही माणसे 'होय, आम्हीच चेटके' असे सांगू लागली. त्या कागदांत आरोपीचा आवाज आहेच, पण विचारणाऱ्याचा त्याहून मोठा आहे.

हे तिकडचेच, असे कुणी समजू नये. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतले उतारे निवडले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर प्रस्तावना लिहिली. कोकणात चेटूक करणाऱ्यांना हुडकून शिक्षा करणे हे सरकारी काम मानले जात होते, हे रानड्यांनी तीत नोंदवले आहे. खानदेश आणि डांगमधल्या भिल्ल वस्त्यांत 'डाकीण' ठरवलेल्या बाईला झाडाला उलटे टांगत, डोळ्यांत मिरची घालत, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले. अजय स्कारिया यांनी त्या कागदांचा अभ्यास केला आहे. अशा छळापुढे बाई काय कबूल करणार नाही?

चेटकिणींच्या खटल्यांनी इतिहासाला मोठा धडा दिला तो हा. जो गुन्हा घडणेच शक्य नाही, त्याचाही सविस्तर, सुसंगत, साथीदारांच्या नावांसकट कबुलीजबाब मिळू शकतो.

आता टोळ्यांकडे वळू. इथे गोष्ट अधिक अवघड आहे, कारण दरोडे आणि खून खरेच पडतात. १८३० नंतर कर्नल स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम काढली. तिचा सारा भर माफीच्या साक्षीदारांवर होता. पकडलेल्या ठगाने साथीदारांची नावे सांगितली, तर त्याचा फास टळे. १८३६ च्या कायद्याने तर अमुक एक खून शाबीत करण्याचीही गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले, की जन्मठेप. स्लीमनने साक्षीदारांच्या सांगण्यावरून ठग घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या. निजामाच्या नोकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्गाला राहिलेल्या मेडोज टेलरने १८३९ साली एका ठगाच्या कबुलीची कादंबरी लिहिली आणि ठग जगभर गाजला.

मग ठग खोटेच होते का? तसे नाही. साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा खणल्यावर प्रेते निघाली होती. वाटमारी आणि खून झाले होते, याला पुरावा आहे. पण देशभर पसरलेला, पिढीजात, देवीच्या आज्ञेने खून करणारा एकच पंथ होता, हे चित्र मात्र मुख्यतः जबान्यांवर उभे आहे. त्याबद्दल इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

याच वंशावळींच्या विचाराला पुढे कायद्याचे रूप आले. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा गुन्हेगार जातीतला मुलगा गुन्हेगारच होणार, असा युक्तिवाद करून १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. हजेरी आणि परवान्याचा जाच आला, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले असेल, त्यांना त्या शिक्क्याचे ओझे वेगळे सांगायला नको. आमच्या पाटाकडेच्या पालांवर पोलीस आधी का जात, याचे उत्तर मला या कायद्यात सापडले.

म्हणून अभ्यासक कबुलीजबाबाला तीन प्रश्न विचारतो. पहिला, विचारणारा कोण होता आणि त्याला आधीच काय वाटत होते? दुसरा, सांगणाऱ्याला सांगून काय मिळणार होते आणि न सांगून काय भोगावे लागणार होते? तिसरा, त्या जबानीच्या बाहेर काय पुरावा आहे? प्रेत, चोरीचा माल, कर्जाचे खत, जमिनीचा कागद, काहीही.

आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा राघोजी भांगरे घ्या. इंग्रजांच्या दप्तरात तो दरोडेखोर आहे. १८४८ साली ठाण्याला त्याला फाशी झाली. अकोल्याच्या डोंगरात मात्र त्याला क्रांतिवीर म्हणतात. दोन्हीकडचे शब्द बाजूला ठेवून तिसरा प्रश्न विचारला, की सावकारांच्या वह्या आणि महादेव कोळी नाईकांचे बुडालेले हक्क समोर येतात आणि ही माणसे हत्यार घेऊन का उठली ते समजू लागते.

हा प्रश्न केवळ जुन्या कागदांचा नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला मकोका याला अपवाद करतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब तिथे चालतो. टोळीच्या भीतीने साक्षीदार पुढे येत नाहीत, ही त्यामागची अडचण खरी आहे. पण धोकाही तितकाच खरा आहे. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मकोकाखाली घेतलेले कबुलीजबाब उच्च न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत आणि जुलै २०२५ मध्ये बारा जण निर्दोष ठरले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने लगेच दिला. म्हणजे वाद संपलेला नाही.

चेटकिणीच्या बाबतीत कायदा आता स्पष्ट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिला त्रास देणे हा त्याखाली गुन्हा आहे.

आमच्या गल्लीतल्या म्हातारीबद्दल मी तिसरा प्रश्न फार उशिरा विचारला. ती वारल्यावर कितीतरी वर्षांनी घरच्या जमिनीच्या कामासाठी तलाठ्याकडे जुने फेरफार काढले. त्यांत तिचे नाव मला पहिल्यांदा कळले. नवऱ्यामागे पाटाखालचा एक तुकडा तिच्या नावावर होता. तिच्याबद्दल बोलवा सुरू झाली त्याच सुमारास तो तिच्या नावावरून गेला होता. घेणारे आमचेच भाऊबंद होते. तिने कधी काही कबूल केले नव्हते, कुणी तिला विचारलेही नव्हते. पेरूची ती बाग मी रोज पाहत होतो.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला सांगितले, की अमकी बाई करणी करते किंवा तमक्या वस्तीवरचे सगळे चोर, तर एवढेच विचारा: हे कोण सांगतो आहे, त्यात त्याचे काय आहे आणि त्याच्या सांगण्यापलीकडे पुरावा कोणता? आणि ते विचारताना आपल्या घरचा सातबाराही काढून बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)