कायदा एकासाठी, आधार दुसऱ्याला

१९८२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, सिल्व्हर स्प्रिंग येथे, ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर द्वेषाच्या घोषणा आणि चिन्हे रंगवण्यात आली. भिंत धुऊन प्रकरण मिटवता आले असते. मंदिराच्या मंडळींनी मात्र दावा लावला, आणि तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली. हा कायदा गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांसाठी केलेला. मालमत्तेबाबत गोऱ्या नागरिकाला जे हक्क तेच सर्वांना, असे त्याचे एक कलम सांगते.

खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. कायदा वंशभेदाविरुद्ध आहे आणि ज्यू हा काही वेगळा वंश नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पेच खरा होता. हिटलरने ज्यूंना 'वंश' ठरवूनच मारले. तेव्हा 'आम्ही वेगळा वंश आहोत' असे म्हणावे तर मारणाऱ्याची भाषा आपल्या तोंडी येते. न म्हणावे तर कायद्याचे संरक्षण जाते. आपल्या कार्यकर्त्याला हा पेच परका वाटू नये. जात मोडायला निघालेल्यालाच जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागतात.

१९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल फिरवला. आजचे शास्त्र वंश कशाला म्हणते हे पाहायचे नाही. १८६६ साली कायदा करणाऱ्यांनी कोणाला वेगळा वंश मानले होते, ते पाहायचे. पूर्वजांवरून, कुळावरून भेद झाला असेल तर दाद मागता येईल. त्याच दिवशी, त्याच तर्काने, एका अरब प्राध्यापकालाही हा हक्क मिळाला. ज्यू आणि अरब एका छपराखाली आले, आणि ते छप्पर काळ्यांच्या मुक्तीसाठी उभारलेले!

असे खटले एकट्यादुकट्याला झेपत नाहीत. मागे संस्था लागते. ज्यूंची अँटी-डिफमेशन लीग १९१३ ची. काळ्यांच्या एनएएसीपीने १९४० मध्ये थर्गुड मार्शल यांच्या हाती खटल्यांसाठी वेगळी संस्था दिली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल हे तिचेच फळ. पुढे १९६४ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठांत वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करण्यास बंदी केली, पण त्या कलमात धर्माचा उल्लेख नाही. २००४ मध्ये शिक्षण खात्याचे नागरी हक्क कार्यालय सांभाळताना केनेथ मार्कस यांनी ज्यू, शीख, मुसलमान विद्यार्थ्यांचा पूर्वजांवरून छळ झाल्यास हेच कलम लागू होईल, अशी भूमिका घेतली. नंतर त्यांनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या नावाने ज्यूद्वेषाविरुद्ध कायदेशीर लढा देणारे ना-नफा केंद्र काढले. इस्रायल सरकारवरील टीकेलाही अशा संस्था ज्यूद्वेषात ढकलतात, असा आक्षेप आहे, आणि मला तो अगदीच अनाठायी वाटत नाही. परंतु कलमातील एका शब्दाचा पिच्छा वर्षानुवर्षे पुरवण्याची त्यांची चिकाटी घेण्यासारखी आहे.

तो 'पूर्वज' शब्द आता आपल्यापर्यंत आला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, ते गव्हर्नरांनी परत पाठवले. कारण दिले की पूर्वजांवरून भेद करण्यास प्रचलित कायद्यात बंदी आहेच. हा नकार आहे, पण पुढच्या वकिलाने हातात धरावा असा.

आपल्याकडे ही परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. पुढच्याच वर्षी तिने आमच्या सोलापुरात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी चवदार तळे खाजगी असल्याचा दावा लावला, तेव्हा बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. सत्याग्रहाचे दिवस सर्वांच्या स्मरणात आहेत. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या तारखा कोणी आठवत नाही. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात सवर्ण हरले, कारण अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही.

आज अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१६ पासून लागू झालेले कलम १५-क पीडिताला स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क देते. संस्थेचा माणूस ठाण्यात सोबत बसला तर तो उपकार नव्हे. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सांगितले. जातीवरून अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' झाला पाहिजे, ही अटही विसरू नये. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींआडची शिवीगाळ, बाहेरचे कोणी हजर नसल्याने, या कलमात बसली नाही. म्हणून मोर्चाची पत्रके छापण्याआधी फिर्याद नीट लिहून घ्यावी: जागा कोणती, वेळ कोणती, समोर कोण कोण उभे होते. ठाण्यातून बाहेर पडताना तिची प्रत मागावी. ती पीडिताला विनामूल्य मिळते.