खिशातला टक्का

दिवाळी झाली की पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल बऱ्याच घरांत बिऱ्हाड हलण्याआधीच संपलेली असते. कशात गेली म्हणून विचारावं, तर उत्तर लग्न तरी असतं, नाहीतर दवाखाना.

राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात, की देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. आकडा सुखावतो. पण टक्क्याला छेद असतो, आणि छेद वाढला की टक्का आपोआप उतरतो. २०२१-२२ हे तर कोविडचं वर्ष, सरकारी खर्च फुगलेला. रुपयांत मोजलं तर खिशातला माणशी खर्च सुमारे २,३३६ वरून २,६०० वर गेला. महागाई वजा केली तर ओझं कमी झालं हे कबूल, पण टक्का पडला तितकं नाही. शिवाय बुडालेला रोज आणि पेशंटसोबत राहिलेल्याचं जेवण या हिशेबात धरलेलंच नाही.

देशादेशांची तुलना करतानाही हाच घोळ होतो. अमेरिकेत खिशातला वाटा ११ टक्क्यांच्या आसपास, तरी तिथली मराठी घरं दवाखान्याच्या बिलाला धसकतात; कारण खरा पैसा विम्याच्या हप्त्यात आधीच गेलेला असतो. आपण बघावं ते थायलंडकडे. २००० च्या सुमारास तिथले लोक एक तृतीयांश खर्च स्वतः करत. २००२ मध्ये ३० बाटची योजना आली. तिच्यात ऑपरेशनच नव्हे, तर जवळच्या दवाखान्यातली साधी तपासणी आणि गोळ्याही आल्या. आता तो वाटा एक दशांशाच्या आसपास आहे.

ही पहिल्या पायरीची गोष्ट नगर जिल्ह्याला नवी नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. लोकांना आधी अन्न-पाणी हवं होतं, म्हणून कामाची सुरुवात तिथूनच झाली. मग गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, दलित वस्तीतल्या. त्यांचं औषध साधंच: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हगवण लागलेल्या पोराला हे वेळेवर घोट घोट पाजलं, तर बहुतेकदा सलाईनची वेळच येत नाही. जो खर्च झालाच नाही, तो कुठल्याच लेख्यात दिसत नाही. म्हणून जामखेडचं मोठेपण टक्क्यांत सापडायचं नाही.

राज्यानं मात्र दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढे ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालू राहिली. आता मर्यादा पाच लाखांची आहे. हार्टच्या ऑपरेशनसाठी शेत गहाण टाकण्यापासून तिनं अनेकांना वाचवलं. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरही फुकट झाला. पण दर महिन्याची शुगरची गोळी सरकारी खिडकीवर नसली, की चिठ्ठी घेऊन मेडिकलची पायरी चढावीच लागते. आणि पाच लाखांचं ते कार्ड मेडिकलच्या काउंटरवर चालत नाही.