त्वचेची वही (लेखांक ७) : खाजेची ट्यूब

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षबागायतदाराला बुरशी शिकवावी लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तर डाऊनी येणार, ढगाळ हवेत भुरी बळावणार, हे त्याला पाठ असतं. एकच औषध सलग फवारलं तर ते लागू पडेनासं होतं, हेही तो जाणतो. पण त्याच्याच जांघेत नायटा उठला की तो मेडिकलमध्ये जाऊन एवढंच म्हणतो, ‘खाजेची ट्यूब द्या.’ आणि ट्यूब मिळते.

नायटा म्हणजे गजकर्ण. याची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मृत थरातल्या केराटिनवर जगते. लाली, खाज आणि कडेने उठलेलं गोल वेटोळं या आपल्या शरीराने तिच्याशी मांडलेल्या झगड्याच्या खुणा. खाजेच्या ट्यूबमध्ये अनेकदा तीन औषधं एकत्र असतात : एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड, तेही क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं जोरकस. पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज थांबते ती या तिसऱ्यामुळे. ते शरीराचा झगडाच बंद पाडतं. माणसाला शांत झोप लागते, ट्यूब कोनाड्यात जाते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. आठ-पंधरा दिवसांनी खाज परत येते, तेव्हा चट्टा तळहाताएवढा झालेला असतो. मग पुन्हा तीच ट्यूब.

असं काही महिने चाललं की वेटोळ्याची कड पुसट होते आणि अनुभवी डॉक्टरही क्षणभर चकतो. १९६८ साली ब्रिटनमध्ये आइव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि या रूपाला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेला नायटा, असं नाव दिलं. दरम्यान जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर गर्भारपणात पोटावर उठतात तशा रेघा पडतात. नायटा बरा होतो, त्या रेघा मात्र राहतात. विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर त्या पाहताना फार वाईट वाटतं, कारण त्या आजाराने दिलेल्या नाहीत, उपचाराने दिल्या आहेत.

हे नुकसान मोजायचं कसं? २०११ साली देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलम लावत होते. त्यांतल्या ३९२ जणांना त्याचा त्रास झालेला होता. निम्म्याहून अधिक जणांना हे मलम डॉक्टरांखेरीज दुसऱ्याच कुणीतरी सुचवलं होतं. काही तर ते गोरं होण्यासाठी लावत होते. या अभ्यासात कुठलं महागडं यंत्र नव्हतं. आलेल्या प्रत्येकाला ‘आधी काय लावलं?’ असं विचारायचं आणि उत्तर नीट लिहून ठेवायचं, एवढ्यातून हे आकडे उभे राहिले. नाशिकला म्हसरूळमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच्या अखत्यारीत त्वचारोगात एम. डी. करणाऱ्याला प्रबंध लिहावा लागतो. ओपीडीत रोज समोर येणाऱ्या नायट्याइतका जवळचा विषय त्याला दुसरा मिळणार नाही, असं मला वाटतं.

आता बुरशीही बदलली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिये’ ही नवी जात नोंदवली. तिचे नमुने जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाकडून मिळाले होते. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं हुकमी औषध. बुरशीचं पटल घडवणारं एक एन्झाइम ते अडवतं. या जातीच्या अनेक वाणांत त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झालेला असतो, त्यामुळे औषध बसायला जागाच उरत नाही. २०२३ मध्ये ही जात न्यूयॉर्कमध्येही सापडली. पूर्वी दोन ते चार आठवड्यांत आटोपणारा उपचार आता कित्येकदा दोन महिन्यांपलीकडे जातो. औषधाला न जुमानणारी बुरशी वेलीवरची असो वा जांघेतली, बागायतदाराला वेगळं समजावून सांगायला नको.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची जुनी सवलत काढून घेतली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकणं बेकायदा ठरलं. तरीही नुसतं ‘खाजेची’ म्हटलं की ट्यूब हातात पडते.

त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर जीन्स तशीच चढवली जाते. घरात टॉवेल एकच असतो. त्यामुळे एकट्यावर उपचार करून भागत नाही, ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांना एकदम दाखवा. दवाखान्यात जाताना वापरलेली ट्यूब, रिकामी असली तरी, खिशात घेऊन जा. स्टेरॉइड बंद केल्यावर आठ-दहा दिवस लाली आणि खाज उलट वाढू शकते. नेमक्या याच दिवसांत माणूस घाबरून जुन्या ट्यूबकडे वळतो. तेव्हा ट्यूब न शोधता डॉक्टरांना फोन करा.

चेहऱ्यावर वर्षानुवर्षं हीच मलमं लावली तर काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.