तुळजापूरचे गोंधळी

बालाघाटाच्या डोंगरकुशीत वसलेल्या तुळजापुरात आश्विनातील घटस्थापनेबरोबर संबळ घुमू लागला, की त्यामागे पुरुषकंठांची जी परंपरा उभी राहते, ती कोणा सभासदांच्या वर्गणीवर चाललेली नसून अलुतेदारीतून चालत आलेली आहे. लग्न, जावळ अथवा नवसफेड हीच तिची सनद. गोंधळ्यांच्या दोन शाखांपैकी कदमराई भवानीचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक.

या परंपरेचे मूळ मात्र एका उत्सवात आणि, मौज अशी, एका स्त्रीच्या नृत्यात शोधले जाते. उमरग्यापलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या कल्याणीत भूतमातृमहोत्सवाच्या प्रसंगी भिल्लवेषातील एक स्त्री गात-नाचत असलेली पाहून चालुक्य राजा सोमेश्वराने गोंडली नामक नृत्यप्रकार सिद्ध केला, असे जायप सेनापतीने तेराव्या शतकातील ‘नृत्तरत्नावली’त नमूद केले आहे. या गोंडलीशी गोंधळाचा संबंध अभ्यासक जोडतात. तो मान्य केल्यास नर्तकीच्या जागी झगा आणि कवड्यांची माळ ल्यालेला नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, केव्हा उभा राहिला, हा प्रश्न मला राजवंशांच्या सनावळीपेक्षा अधिक कुतूहलाचा वाटतो. उत्सवातून गायकवृंद निपजणे ही काही आपलीच मिरास नव्हे. जर्मनीतील माइन्त्स शहरी 1926 साली कार्निव्हलसाठी एकत्र आलेला होफझेंगर हा पुरुषवृंदही पुढे सर्व ऋतूंत गाऊ लागला.

गोंधळाला लागते ती रात्र. पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवतात. मग गणानंतर नाईक गावोगावच्या दैवतांना एकेक करून पाचारण करतो, आणि संबळाच्या एका तोंडाचा खर्ज व दुसऱ्याचा टिपेचा कडकडाट, तुणतुण्याची एकतारी धून आणि झांज यांच्या आधारे साथीदार झील धरतात. पूर्वरंग अशा रीतीने देवांचा झाला, की उत्तररंगात आख्यान माणसांच्या हाती येते. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची अभिलाषा सांगणारे जांभूळ आख्यान विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर गाजवले, हे खरेच. पण तिकिटाच्या प्रयोगात प्रेक्षक आख्यानासाठी येतो, तर यजमानाच्या अंगणात आपल्या कुलदैवताचे नाव पुकारले जाईपर्यंत म्हातारी माणसे जागची हलत नाहीत, आणि ते वगळले गेल्यास नाईकाला भर गाण्यात थांबवून पुन्हा आवाहन करायला लावतात.