जर्मनीतील उच्च शिक्षण : एक देश, सोळा राज्ये

उच्च शिक्षणासाठी जर्मनीचा विचार करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना प्रथम आकर्षण वाटते ते तेथील नाममात्र शुल्काचे. परंतु ही व्यवस्था कोणत्या पायावर उभी आहे, हे जाणून न घेता घेतलेला निर्णय महागात पडू शकतो.

जर्मनी हे १६ राज्यांचे संघराज्य असून तेथे शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे. आपल्याकडील विद्यापीठ अनुदान आयोगासारखी संपूर्ण देशासाठी एकच नियामक संस्था तेथे नाही. प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि सरकारी विद्यापीठांचा मुख्य आर्थिक भारही राज्येच उचलतात. शुल्काचा निर्णयही त्यांच्याच हाती असतो. शुल्कास मनाई करणारा केंद्रीय कायदा २००५ मध्ये घटना न्यायालयाने रद्द ठरवला. त्यानंतर काही राज्यांनी शुल्क आकारणी सुरू केली. मात्र जनमताच्या रेट्यामुळे २०१४ पर्यंत ती सर्वत्र मागे घेण्यात आली. पुढे २०१७ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो शुल्क लागू केले.

संस्थांचे मुख्य प्रकार तीन. विद्यापीठांचा भर सिद्धान्त व संशोधनावर असतो. 'फाखहोखशूले' म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या संस्था. तेथे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला महत्त्व असते आणि प्राध्यापकपदासाठीही उद्योग-व्यवसायातील अनुभव सामान्यतः अपेक्षित असतो. तिसरा प्रकार कला व संगीत महाविद्यालयांचा. पीएच.डी. देण्याचा अधिकार परंपरेने विद्यापीठांकडे आहे. हेसे राज्याने २०१६ पासून निवडक फाखहोखशूलेंना तो मर्यादित स्वरूपात दिला. संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी हा फरक आधीच लक्षात घ्यायला हवा.

१९९९ च्या बोलोन्या करारानंतर जुन्या 'डिप्लोम' पदवीच्या जागी बहुतांश विषयांत बॅचलर आणि मास्टर या पदव्या आल्या. वैद्यक आणि कायदा हे विषय मात्र आजही प्रामुख्याने राज्य परीक्षेच्या पद्धतीने शिकवले जातात.

भारतातील केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर तेथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. 'श्टुडियनकोलेग' हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो किंवा भारतातील मान्यताप्राप्त पदवी अभ्यासक्रमाचे किमान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे लागते. त्यामुळे शुल्क पाहण्यापूर्वी राज्य, संस्थेचा प्रकार आणि आपली पात्रता, या तीन गोष्टी तपासून घेणेच विद्यार्थी व पालकांच्या हिताचे ठरेल.