जपानमधील गृहशुश्रूषेचे घटलेले दर

जपानमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेसाठी एप्रिल २००० पासून सार्वजनिक विमा योजना लागू आहे. चाळीस वर्षांवरील नागरिक तिचा हप्ता भरतात. घरी येणाऱ्या सेविकेचे शुल्क बाजार ठरवत नाही, सरकार ठरवते. प्रत्येक सेवेला ठरावीक एकके असतात. एका एककाचे मूल्य साधारण १० येन असून महागड्या शहरांत ते थोडे अधिक असते. बहुतेक लाभार्थी एकूण शुल्काच्या दहा टक्के स्वतः देतात, उर्वरित रक्कम योजनेतून मिळते.

एप्रिल २०२४ च्या फेरआढाव्यात एकूण दर १.५९ टक्क्यांनी वाढले, गृहसेवेचे मूळ दर मात्र घटले. वीस ते तीस मिनिटांच्या शारीरिक शुश्रूषेची २५० एकके २४४ वर आली. गृहसेवा संस्थांचा सरासरी नफा ७.८ टक्के, तर सर्व शुश्रूषा सेवांचा २.४ टक्के, असा सरकारी पाहणीचा निष्कर्ष होता. वेतनवाढीसाठीच्या पूरक रकमेतून भरपाई होईल, असेही सांगण्यात आले.

ही सरासरीच फसवी आहे. एकाच इमारतीतील अनेक वृद्धांकडे जाणाऱ्या सेविकेचा प्रवासात वेळ जात नाही. खेड्यात दोन घरांमध्ये अर्धा तास जातो, आणि मूळ दर मोजतो तो फक्त घरातील वेळ. दुर्गम भागांना मिळणारी वाढ ही तफावत भरून काढत नाही, अशी छोट्या संस्थांची तक्रार आहे. २०२४ मध्ये ८१ गृहसेवा संस्था दिवाळखोरीत निघाल्या. सेविकांची टंचाई हे त्यामागील जुने कारण होतेच.