अमेरिकेची पश्चिम: दंतकथा आणि दस्तऐवज

हुपरीत चांदी आटवायला बसलं की मुशीत मोडीतले पैंजण, काळवंडलेले वाळे, एखादा राणीछाप रुपया असं सगळं एकत्रच पडतं. आटल्यावर कुठली चांदी कुठून आली हे ओळखता येत नाही. 1918 मध्ये मात्र एका मोठ्या साठ्याची कागदोपत्री नोंद झाली. पिटमन कायद्याखाली अमेरिकेने चांदीच्या डॉलरची सुमारे 26 कोटी नाणी वितळवली आणि ती चांदी ब्रिटिश सरकारला विकली, भारतात रुपये पाडण्यासाठी. त्यातली बरीचशी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या खाणींतली होती. नेवाडात 1859 मध्ये चांदीची मोठी खाण लागली आणि पाचच वर्षांत त्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला.

पश्चिमेची आपली कल्पना बहुतेक सिनेमातून आलेली आहे: ओसाड रान, छपराच्या गाड्या, धाडसी कुटुंबं. कुटुंबं गेली आणि त्यांनी हालही सोसले, हे खरंच आहे. पण रान ओसाड नव्हतं. जॉर्जियातले चेरोकी आदिवासी शेती करत होते. त्यांची स्वतःची लिपी होती, 1828 पासून वर्तमानपत्र निघत होतं. 1829 च्या सुमारास तिथे सोनं सापडलं, कापसाच्या मळेवाल्यांचा डोळा तर जमिनीवर आधीपासूनच होता. 1830 मध्ये आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेरोकींच्या बाजूने लागला, तरी सरकार थांबलं नाही. 1838-39 मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात सुमारे 16 हजार माणसं हाकलली गेली. जवळपास 4 हजार दगावली, असा अंदाज आहे.

देवानेच हा खंड आपल्याला नेमून दिला, या श्रद्धेने लोक निघाले, असंही सांगतात. ही घोषणा गाजली ती 1845 मध्ये, वर्तमानपत्री लेखनातून. त्याआधीच, 1803 मध्ये, फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा प्रचंड मुलूख घेऊन झाला होता, आणि त्या सौद्याची सुरुवात झाली न्यू ऑर्लिन्सचं बंदर हवं म्हणून. मेक्सिकोने 1829 मध्ये गुलामगिरी बंद केली. तेव्हा मेक्सिकोतच असलेल्या टेक्सासमधल्या अमेरिकन मळेवाल्यांना ती हवी होती. मला तर घोषणा नंतरची आणि गरज आधीची दिसते.

गरिबाला 160 एकर फुकट देणारा 1862 चा कायदा खरा आहे, पुष्कळांचे संसार त्यावर उभे राहिले. पण रेल्वे कंपन्यांना केंद्र सरकारने दिलेली जमीन सुमारे 13 कोटी एकर होती, हेही सांगायला हवं.

ब्लॅक हिल्सचे डोंगर सू जमातीचेच राहतील, असा करार 1868 मध्ये झाला. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि 1877 मध्ये सरकारने ते डोंगर काढून घेतले. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. सू लोकांनी ते पैसे घेतलेले नाहीत. त्यांना डोंगर परत हवे आहेत.